पालकांस कळविण्यात येते की…

माध्यमिक शाळेच्या कार्यालयात दोन जाड नोंदवह्या असतात, आवक आणि जावक. शाळेकडं आलेला कागद आवकेत चढतो, शाळेनं धाडलेला जावकेत. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका बाजारगावी हायस्कुलात मी १९७६ साली लेखनिक म्हणून लागलो, आणि निवृत्त होईपर्यंत या वह्या माझ्याच हातच्या होत्या. जावकेत पालकांना धाडलेल्या पत्रांची पानंच्या पानं आहेत. सत्र फी थकली, मुलगा गैरहजर, सहामाहीत तीन विषयांत नापास, समक्ष येऊन भेटावे. आवकेत मात्र पालकाचं पत्र हुडकावं लागतं. उद्या कुणी अभ्यासक या वह्या घेऊन बसला तर शाळा बोलत होती आणि घरं गप्प होती, असंच तो लिहील. ते खरं नाही. घरं बोलत होती. फक्त बोलायला आया येत होत्या, आणि त्यांच्या बोलण्याला आवक क्रमांक नव्हता.

हायस्कूल आणि स्वस्त टपाल या दोन्ही गोष्टी आपल्याकडं जवळपास बरोबरीनं फैलावल्या. पाव आण्याचं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ला निघालं. पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. अशा शहरी हायस्कुलात मुलगा घालणारा बाप बहुधा वकील, कारकून किंवा मामलेदार कचेरीतला असे. मुख्याध्यापकानं चिठ्ठी धाडली की तो ती वाचे, उत्तर लिही, नाहीतर पगडी घालून स्वतः येई. घरी वाचणारा माणूस आहे हे शाळेनं गृहीत धरलं होतं, आणि त्या घरांपुरतं ते बरोबर होतं. प्रगतिपुस्तक, फीची नोटीस, ‘पालकाची सही’ हे सगळं त्या गृहीतावर उभं राहिलं. पुढं हायस्कूल खेड्यात आलं तेव्हा हे कागद जसेच्या तसे आले. घरं मात्र वेगळी होती.

खेड्यातल्या घरांशी बोलायची रीत आमच्या जिल्ह्याला कर्मवीर भाऊरावांनी दाखवली. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काल्यात निघाली आणि १९२४ला साताऱ्यात आली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवू लागली. ती पोरं नोटीस काढून आली नव्हती. भाऊराव गावोगाव फिरले, ओसरीवर बसले, बापाशी बोलले, आणि पोराला बरोबर घेऊन आले. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपलं पोर कुणाच्या हाती देतोय हे घरच्यांना अशा माणसांवरून कळत होतं. त्याआधी १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. मला महाराजांच्या दंडाचाही आदर आहे. पण सातवीनंतर हायस्कुलात पोर टिकवायचं तर सक्ती उपयोगाची नव्हती, तिथं घरच्यांचं मनच वळवावं लागायचं.

१९५१च्या जनगणनेत देशात साक्षर जेमतेम १८ टक्के होते, बायकांमध्ये तर ९ टक्केही नव्हते. १९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि चावडीत, देवळात कंदिलाच्या उजेडात मोठी माणसं अक्षरं गिरवायला बसली. त्याच सुमारास मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ केली. ती ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, सवलत. तिच्या अर्जामुळं आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा हायस्कूलच्या कार्यालयाशी पहिल्यांदा संबंध आला. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, अर्जावर सही करायची, सही येत नसेल तर ‘निशाणी डावा अंगठा’, आणि त्याखाली साक्षीदाराची सही. मी लागलो तेव्हा जून-जुलैत शाईच्या पॅडवर अंगठे उमटवून घेणं हे माझं मोठं काम होतं. त्या अंगठ्यांत बायकांचे अंगठे निम्म्याहून जास्त असत.

त्याचं कारण आमच्या मुलखाचं पोट. पाऊस नाही, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी दाणाबंदरात माथाडी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालक म्हणून बापाचं नाव, प्रगतिपुस्तकावर बापाचं नाव, पोस्टकार्डावर ‘श्री.’ लावून बापाचाच पत्ता. तो बाप वर्षातून दोनदा गावी यायचा, यात्रेला आणि दिवाळीला. शाळा ज्याला पत्र लिहीत होती तो गावात नव्हता, आणि जी गावात होती तिला पत्र वाचता येत नव्हतं.

त्या कार्डाविषयी जरा सविस्तर सांगतो. आमचं कार्ड पंधरा पैशांचं, मजकूर सायक्लोस्टाईल केलेला: ‘आपला पाल्य इयत्ता अमुक हा दिनांक अमुकपासून शाळेत गैरहजर आहे. तरी आपण समक्ष भेटावे. न भेटल्यास त्याचे नाव पटावरून कमी करण्यात येईल.’ मोकळ्या जागी मी नाव आणि तारीख घालायचो, मुख्याध्यापक सही करायचे, जावक क्रमांक पडायचा. कार्ड वाडीच्या शाखा डाकघरात जायचं. पुष्कळ वाड्यांत त्या डाकघराचं काम प्राथमिक शाळेचे गुरुजीच पाहायचे, टपालाची पेटी त्यांच्या टेबलाखाली असायची. ते कार्ड वाचायचे, कारण ते वाचून दाखवणं हेही त्यांचंच काम होतं. पोरगं त्यांच्याच हाताखालून चौथी पास होऊन गेलेलं. मग गुरुजी संध्याकाळी घराकडं चक्कर टाकायचे आणि आमच्या कार्डातला कोरडा मजकूर माणसाच्या भाषेत सांगायचे. नाव कमी करण्याची धमकी बहुतेक जण गाळत असत. किती पोरं या गाळण्यामुळं शाळेत राहिली याची नोंद कुठंच नाही.

पत्र पोचलं की आई यायची, पण दुसऱ्या दिवशी नाही. सोमवारी, बाजाराच्या दिवशी. एरवी रोजगार बुडवून पाच-सहा मैल कोण येणार? बाजारात अंडी, शेंगा, कधी एखादं करडू विकायचं, मीठ-मिरची घ्यायची आणि मधल्या सुट्टीच्या वेळेला शाळेच्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसायचं. हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. पालक सभा आम्ही वर्षातून दोनदा रीतसर शनिवारी घ्यायचो, सतरंज्या अंथरायचो, इतिवृत्त लिहायचो. सभेला गावातलेच दुकानदार, सोसायटीचे चेअरमन, दोन-चार शिक्षकांचे भाऊबंद. खरी सभा सोमवारी पायरीवर भरायची.

अशाच एका सोमवारची एक बाई मला स्पष्ट आठवते. पदराच्या टोकाला बांधलेलं कार्ड सोडून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. “भाऊसाहेब, ह्यो कागुद कशाचा आलाय, बगा की.” मी वाचलं. पोरगा पंधरवडाभर शाळेत नव्हता. तिला ते माहीत होतं, विहिरीच्या कामावर तिनंच त्याला धाडला होता. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. “त्येचं डोस्कं चालतंय का न्हाय तेवढं मास्तरांस्नी इचारून सांगा. चालत आसंल तर मी दुसरा गडी बगती.” मी वर्गशिक्षकांना बोलावलं. सर म्हणाले, गणितात पोरगा वर्गात पहिल्या पाचात आहे, मावशी, काढू नका. ती घटकाभर गप्प बसली. मग म्हणाली, “मग ह्येंस्नी ममईला एक कारड लिवा.” मी लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो: पोराला शाळेतनं काढत नाही, विहिरीला माणूस लावलाय, पैसे जास्तीचे धाडा, मास्तर चांगलं म्हणत्यात. पंधरवड्यानं मनीऑर्डर आली आणि तिच्या कुपनावर एकच ओळ होती, ‘पोराची फी भरणे, शाळा सोडू देऊ नये.’ ते कुपन तिनं मला आणून दाखवलं. शाळेचं एक पत्र, त्यावर आईचा निर्णय, बापाची संमती, सगळा व्यवहार पुरा झाला, आणि माझ्या आवक नोंदवहीत त्यातलं एक अक्षर नाही, कारण शाळेच्या नावे काहीच आलं नव्हतं.

कार्यालयात बसून पालकांची पत्रं लिहून देणं हे लेखनिकाच्या कामांच्या यादीत नसतं. माझ्याआधीचे भाऊसाहेब लिहून द्यायचे, म्हणून मीही देत राहिलो. ७२च्या दुष्काळात त्यांनी आणि शिपाईमामांनी जे केलं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. अख्खी गावं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली होती. घरांना कुलपं. पोस्टकार्ड धाडायचं कुणाला? तेव्हा शिपाईमामा सायकलवर हजेरीपटाची नक्कल घेऊन थेट कामावर जात, आया सुकडीच्या रांगेत उभ्या असत, तिथंच पोरांची चौकशी होई. वार्षिक परीक्षेला तरी पोरगं बसू द्या, एवढं कबूल करून घेऊन मामा परत येत.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या टपालाची दिशाच फिरली. मनीऑर्डरी आटल्या. पुढच्या जूनला मुंबईच्या शाळांचे दाखले घेऊन पोरं आली, लालबाग-परळची बोली बोलणारी. बरोबर बापही आले. इतक्या वर्षांत रजिस्टरातल्या नावांचे हे धनी मी पहिल्यांदाच टेबलासमोर उभे पाहिले. त्यांना वाचता येत होतं, पण पोरगं कितवीत आहे हे बायकोला विचारून सांगावं लागायचं.

दहावीचा बोर्डाचा अर्ज भरताना मात्र कागद आणि घर यांची समोरासमोर गाठ पडायची. नाव, जन्मतारीख यांची खात्री पालकाच्या सहीनं करायची. पाहावं तर निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा! पहिलीत घालताना तारीख कुणाला सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घातलेली. आया म्हणायच्या, “तवा न्हवं, मोठा पाऊस झाला त्या साली, बेंदराच्या मागनं.” त्यांची तारीख अचूक होती, आमच्या कॅलेंडरात बसत नव्हती इतकंच.

नंतरचं मी थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि त्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असं घातलं. पायरीवर बसणाऱ्या बाईला खुर्ची देणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते, जिथं ती पाळली गेली तिथं. १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लावायचं, असंही सरकारनं ठरवलं.

आता शाळेचा निरोप व्हॉट्सअॅपवर जातो. आमच्या शाळेत आजही माझं जाणं-येणं आहे. वर्गांच्या गटांमध्ये कुणाचे नंबर आहेत ते मी पाहिलं. बहुतेक बापांचे, कारण स्मार्टफोन त्यांच्याकडं, आणि ते नव्या मुंबईत, पुण्यात. आईकडं बटणांचा फोन. बऱ्याच गटांत फक्त शिक्षकांनाच लिहिता येतं. म्हणजे पोस्टकार्डाची चूक पुन्हा तशीच होते आहे. २०२०च्या टाळेबंदीत बाप गावी परतले आणि त्यांच्याबरोबर फोनही घरी आला, तेव्हा काही महिने शाळेचा निरोप आणि आई एका घरात होते. बाप कामावर परतले, फोनही गेला.

जनरल रजिस्टर कायम जपायचं असा नियम आहे, म्हणून ते टिकतं. बाकीचं दप्तर मुदत संपली की रद्दीत जातं. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. जावक नोंदवह्या, ईबीसीचे जुने अर्ज आणि त्यांच्यावरचे अंगठे विकू नका. आमच्या भागातल्या बायकांनी शाळेशी केलेल्या व्यवहाराचा तेवढाच लेखी पुरावा उरला आहे. आणि प्रवेशाच्या अर्जावर आईचा नंबर वेगळा मागा, तिला वाचता येत नसेल तर फोन करून बोला, आणि ती काय म्हणाली ते आवकेत लिहा.