घर कोणाच्या नावावर?

नवऱ्याने मारले तर बाईने जायचे कुठे? आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर हा प्रश्न क्वचितच आला. मनूवर आपण तासन्‌तास बोललो. शेजारच्या खोलीतला आवाज मात्र ‘घरचा मामला’ ठरला. (बोलणारे बहुतेक नवरेच होते, हेही नोंदवले पाहिजे.)

वास्तविक २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा असा ठराव स्त्रियांनीच केला. नवऱ्याची मैत्रीण व्हा, दासी होण्यास नकार द्या, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्यातही क्रूरता हे घटस्फोटाचे कारण व्हायला १९७६ उजाडले. चौतीस वर्षे! १९८३ मध्ये कलम ४९८-अ ने नवऱ्याची क्रूरता हा गुन्हा ठरवला. परंतु लग्न मोडता आले म्हणून छप्पर मिळत नाही. माहेर दोन दिवसांचे असते.

येथे सोलापूरकडे पाहिले पाहिजे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि हजारो घरे बाईच्या विडीवर चालली. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी वळायची, हजारी दराने माल द्यायचा. कष्ट तिचे, खोली मात्र त्याची किंवा त्याच्या बापाची. म्हणून कुंभारीला उभी राहिलेली कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत मला महत्त्वाची वाटते. महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची ही दहा हजार घरे १ सप्टेंबर २००६ रोजी हस्तांतरित झाली. याच वर्षी २६ ऑक्टोबरला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा अमलात आला. घर कोणाच्याही नावावर असो, राहत्या घरातून बाईला हाकलता येत नाही आणि मारणाऱ्यालाच बाहेर काढण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतो, असे तो सांगतो. ही दोन्ही पावले अंगणवाडीतल्या, घरकाम करणाऱ्या बाईपर्यंतही पोचली पाहिजेत.

मात्र कागदावरचे नाव हात अडवत नाही. बाई सोडून जायला निघते ती वेळच सर्वांत धोक्याची असते. म्हणून ‘आजच निघ’ हा कार्यकर्त्याचा उत्साही सल्ला जीवावर बेतू शकतो. निघायचे की राहायचे, केव्हा, कोणाकडे, हे तिने ठरवायचे. आपण तयारीला हातभार लावायचा. भांडण पेटले की स्वयंपाकघरात न थांबता दाराजवळ सरकावे. शेजारणीशी एक खुणेचा शब्द ठरवावा, तो ऐकताच तिने ११२ ला फोन करावा. मुलांना कोणाच्या घरी पळायचे ते माहीत असावे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला उत्पन्न न विचारता फुकट मिळतो. माल द्यायला जाणे ही कोणी न अडवलेली फेरी. बोलणे तिथे होऊ शकते. विडी कामगाराचे ओळखपत्र, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, थोडे पैसे विश्वासाच्या बाईकडे ठेवावेत. आणि घराचा कागद नवऱ्याच्या ट्रंकेत नको.