कर्ण्यापासून कानापर्यंत

मागच्या वर्षी गणपती आठ दिवसांवर आले असताना आमच्या घरी एक पेच पडला. नातीला लॅपटॉपवर आरत्या ऐकून पाठ करायच्या होत्या. त्यासाठी तिने कानात बिनवायरचे इअरबड घातले होते आणि लॅपटॉप काही केल्या त्यांना ओळख देईना. "आजोबा, तुम्ही टेलिफोन खात्यात होतात ना? मग बघा जरा," असे म्हणून तिने ते माझ्यापुढे ठेवले.

दोष यंत्रात नव्हता. इअरबड आधीच दुसऱ्याशी जोडलेले होते. सूनबाईंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता आणि डबी उघडताच इअरबडांनी जुन्या ओळखीने तोच धरला होता. फोनचे ब्लूटूथ बंद केले, इअरबड डबीत ठेवून तिचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरले, लॅपटॉपच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथच्या पानावर नवे उपकरण जोडायला सांगितले, यादीत नाव आले, त्यावर टिचकी मारली आणि काम झाले. दोन मिनिटांचा खेळ. पण त्या दोन मिनिटांमागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे, आणि तिचा आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी घरांशी जवळचा संबंध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

तारेचे दिवस

१८७६ साली ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनचे पेटंट घेतले, तेव्हापासून विजेवर चालणारे यंत्र माणसाच्या कानाला लागले. आपल्याकडे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील टेलिफोन एक्स्चेंज जानेवारी १८८२ मध्ये सुरू झाली. स्विचबोर्डासमोर बसलेला ऑपरेटर दोरीसारख्या वायरीचा प्लग एका भोकात खोचायचा आणि दोन घरे जोडली जायची. कोण कोणाशी जोडले आहे हे तेव्हा डोळ्यांना दिसत असे. आपण परवापरवापर्यंत फोनमध्ये खोचत होतो ती हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन म्हणजे स्विचबोर्डाच्या त्या पाव इंची प्लगाचेच धाकटे भावंड.

टेलिफोनचा उपयोग गाणे ऐकायलाही होईल हे फार लवकर लक्षात आले होते. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनची यंत्रे बसवली आणि प्रदर्शनातल्या लोकांना दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावून तिथले गाणे ऐकवले. पुढे १८९० पासून पॅरिसमध्ये 'थिएट्रोफोन' नावाची सेवाच सुरू झाली. वर्गणी भरायची आणि घरबसल्या नाटक, संगीत ऐकायचे.

डोक्यावर चढवायच्या हेडफोनला मोल आले ते नॅथॅनिएल बाल्डविन या अमेरिकन माणसामुळे. त्याने आपल्या घराच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि १९१० साली अमेरिकेच्या नौदलाकडे पाठवले. बोटीवरच्या बिनतारी संदेशाचे क्षीण आवाज त्यातून नीट ऐकू येतात हे कळल्यावर नौदलाने मागणी नोंदवली.

'बिनतारी' हा शब्द आपल्या भाषेत तेव्हापासून रुळला. त्या क्षेत्रात एक भारतीय नाव अगदी आरंभीच येते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युत लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. गॅलेना नावाच्या खनिजाच्या स्फटिकाने लहरी पकडण्याच्या त्यांच्या युक्तीला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे त्याच खनिजाचा खडा वापरून घरगुती 'क्रिस्टल सेट' बनू लागले. त्याला ना बॅटरी लागे ना वीज; पण आवाज इतका बारीक, की हेडफोनशिवाय ऐकू येत नसे. मग पाश्चात्त्य घरांतून एक तोड निघाली. हेडफोन चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यात ठेवायचा, म्हणजे आवाज थोडा घुमतो, आणि सगळ्यांनी वाडग्याभोवती कान करून बसायचे. एकट्याचे यंत्र चार जणांचे करण्याची ही पहिली खटपट.

कर्ण्याचे दिवस

आज आपण वापरतो त्या धर्तीचा लाऊडस्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ च्या सुमारास सिद्ध केला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतर हळूहळू रेडिओ दिवाणखान्यात आला. कानातले यंत्र फळीवर गेले आणि त्यावर क्रोशाचा रुमाल पडला.

त्या रेडिओला लायसन लागायचे हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. ती पुस्तिका कित्येक घरांत अजून जुन्या ट्रंकेत सापडेल.

पण रेडिओने आपल्या घरांत जे काम केले, त्याचा हिशेब कोणत्याच पुस्तिकेत नाही. तो ऐकणाऱ्याला विचारून बोलत नसे. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून बिनाका गीतमाला लागली, ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविध भारती आली. आणि याच इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लताबाईंचा आवाज भाजी चिरणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या आणि आजारी पडलेल्या अशा सगळ्यांच्या कानांवर एकदमच पडायचा. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्राने गदिमा आणि बाबूजींचे गीतरामायण वर्षभर ऐकवले. त्यातली ५६ गीते पुढे रेकॉर्डींच्या रूपाने महाराष्ट्राबाहेरच्या घरांतही पोहोचली.

आपल्या मुलांनी मराठी कशी उचलली याचा विचार केला म्हणजे मला हेच आठवते. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, गल्ली हिंदी, बाजार हिंदी. धडे देऊन मराठी शिकवायला कोणाला वेळ होता? मुलांनी ती न शिकवता उचलली. आजीचे रामरक्षेचे पठण, वडिलांनी लावलेली नाट्यगीताची तबकडी, ओसरीवरची वादावादी, हे सगळे त्यांच्यासाठी नव्हतेच; ते फक्त त्यांच्या कानांवर पडत गेले. घरची भाषा अशीच येते, दुसऱ्यासाठी बोललेले ऐकून.

दुसरे भोक

मग पुन्हा उलटा प्रवास सुरू झाला. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन बाजारात आणले. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीस आला. खिशात कॅसेट आणि कानात गाणे. या वॉकमनची एक हकीगत सांगण्याजोगी आहे. सोनीचे अकिओ मोरिता यांनी नमुन्याचे यंत्र घरी नेऊन ऐकायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याला वगळल्यासारखे झाले म्हणून पत्नी नाराज झाली. मोरितांनी ते मनावर घेतले आणि पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोके ठेवली. शिवाय एक केशरी बटण ठेवले. ते दाबले की गाणे हळू व्हायचे आणि छोट्या माइकमधून ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता यायचे. लोकांनी मात्र एकट्याने ऐकणेच पसंत केले आणि पुढच्या बहुतेक मॉडेलांत ते बटण उरले नाही.

राजाचा दात

राहता राहिली ती वायर. तिला कापण्याचा उद्योग १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड शहरी एरिक्सन कंपनीत सुरू झाला. याप हार्टसेन हे डच आणि स्वेन मॅटिसन हे स्वीडिश अभियंते त्यात प्रमुख होते. थोड्या अंतरावर, थोड्या विजेवर दोन यंत्रे लहरींनी जोडायची हा उद्देश. इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा याच खटपटीत सामील झाल्या. १९९८ साली या पाच कंपन्यांचा संघ जाहीर झाला.

नावाचा किस्सा गमतीचा आहे. इंटेलचे जिम कार्डाक यांनी दहाव्या शतकातल्या नॉर्स लोकांवरची एक कादंबरी वाचली होती. तीत डेन्मार्कचा राजा हॅराल्ड येतो. त्याचे टोपणनाव 'ब्लोतान', म्हणजे निळा दात. डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणल्याचे जेलिंग गावच्या शिळेवर या राजाने कोरून ठेवले आहे. तो राज्ये जोडणारा, आपण यंत्रे जोडणारे, म्हणून कामचलाऊ नाव 'ब्लूटूथ' ठेवले. खरे नाव नंतर द्यायचे होते. पण सुचवलेल्या नावांपैकी एक फारच सर्वसाधारण निघाले, दुसऱ्याची कायदेशीर तपासणी वेळेत होईना, आणि बारशाआधीचे लाडाचे नावच कायम झाले. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसते ते निळे चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नावातील 'ह' आणि 'ब' ही प्राचीन रून लिपीतली दोन अक्षरे एकात एक घालून केलेले जोडाक्षर आहे. आपल्या शिलालेखांवर पोसलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटते.

ही जोडणी होते कशी? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरते. त्याच पट्ट्यात वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही आहेत. या पट्ट्यासाठी, ठरावीक शक्तीपर्यंत, भारतात २००५ पासून लायसन लागत नाही; ट्रंकेतल्या पुस्तिकेशी हे ताडून पाहावे. एवढ्या गर्दीत आवाज तुटू नये म्हणून संगीत पाठवणारे ब्लूटूथ ७९ वाटा आखून सेकंदाला १६०० वेळा एका वाटेवरून दुसरीवर उडी मारते. उड्यांचा क्रम जोडी जमलेल्या दोघांना ठाऊक असतो. अशा उड्यांची एक योजना हेडी लामार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी दुसऱ्या महायुद्धात पाणतीराच्या नियंत्रणासाठी मांडली होती. ११ ऑगस्ट १९४२ रोजी तिला पेटंट मिळाले. पियानोला पट्ट्या ८८, म्हणून तिच्यात वाटाही ८८ होत्या.

डबीचे बटण दाबून धरतो तेव्हा इअरबड 'मी अमुक, माझ्याशी कोण जोडणार?' असा पुकारा करतात. लॅपटॉप होकार देतो, दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी विचारपूस लागत नाही. आमचे इअरबड सूनबाईंच्या फोनकडे धावले ते याच जुन्या किल्लीमुळे.

आणखी एक अडचण पुष्कळांना येते. लॅपटॉपवर गाणे गोड ऐकू येते, पण ऑनलाइन सभेला बसले की आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. याचे मूळही इतिहासातच आहे. ब्लूटूथचे इअरफोन आधी फोनवर बोलण्यासाठी निघाले. संगीताची सोय मागाहून आली. म्हणून एकाच यंत्रात दोन रीती राहिल्या. संगीताची रीत दमदार, पण एकेरी. बोलण्याची दुहेरी, पण कमी प्रतीची. इअरबडचा माइक चालू झाला की लॅपटॉप दुसऱ्या रीतीवर जातो. सभेच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडावा आणि ऐकायला इअरबड ठेवावेत, की बहुतेक वेळा आवाज पुन्हा उघडतो.

पुन्हा चार जण

आता त्या आरत्यांकडे येतो. इअरबड जोडले गेले, नात खोलीत बसून तासभर ऐकत राहिली. घरात शांतता. संध्याकाळी तिने आरती म्हणून दाखवली. चाल अचूक, ठेका अचूक. फक्त फणिवराच्या जागी फळी आली होती! पूर्वी असे झाले असते तर स्वयंपाकघरातून तिथल्या तिथे आवाज आला असता, "फळी नव्हे ग, फणी, म्हणजे नाग!" पण या वेळी ती काय ऐकते आणि काय म्हणते, हे कोणाच्याच कानी पडले नव्हते.

हिने काही न बोलता तिला लॅपटॉप बाहेर आणायला सांगितले. इअरबड डबीत गेले, आवाज मोठा झाला, मोदकाचे सारण परतता परतता आजीने एकेक शब्द फोडून सांगितला. सूनबाई म्हणाल्या, "अय्या, मीसुद्धा लहानपणापासून फळीच म्हणते." त्या संध्याकाळी घरातल्या तिघींनी आरती नव्याने पाठ केली.

मी यंत्राला नावे ठेवणारा नाही. कर्ण्याच्या दणदणाटाने आजारी माणसाची झोप उडवण्यापेक्षा कानातला आवाज कितीतरी सुसंस्कृत. त्या आवाजालाही मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठी दंडक आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे. शिवाय मोरितांचे दुसरे भोकही आता परत येत आहे. ब्लूटूथच्या 'ऑराकास्ट' या नव्या सोयीत एकाच यंत्रातला आवाज कितीही जणांच्या इअरबडांत किंवा श्रवणयंत्रांत एकदम पोहोचवता येतो. तशी यंत्रे अजून थोडी आहेत. पण उद्या आपल्या मंडपातले व्याख्यान मागच्या रांगेतल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांच्या कानात स्पष्ट उतरू शकेल.

तोवर एक सोपा नियम आमच्या घरी आम्ही केला आहे. अभ्यास, सभा, सिनेमा खुशाल कानात. आरती, श्लोक आणि मराठी गाणे मात्र उघड्यावर, चार जणांच्या कानी पडेल असे. आपल्या बाप्पाचे एक नाव शूर्पकर्ण, सुपासारख्या कानांचा. सुपात धान्य पाखडायचे तर आधी ते सुपात पडावे लागते. मुलांच्या कानांवर मराठी पडत राहू दे, पाखडणे त्यांचे त्यांना जमेल.

गणपती बाप्पा मोरया!