अडकलेल्या पडद्याची गोष्ट

लॅपटॉपवर लिहीन म्हणत होतो, पण तो लॅपटॉपच मध्येच गोठायचा, त्यामुळे हे लिखाण लांबलं. आता गोठत नाही. का गोठत नाही ते शोधता शोधता चाळीस वर्षांचा इतिहास वाचून झाला. कम्प्युटरवाले नसलेल्यांनीही पळून जाऊ नका, जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

दर रविवारी इथल्या सकाळी, म्हणजे सांगलीत संध्याकाळी, मी आईला व्हिडिओ कॉल करतो. माझा लॅपटॉप जुना, त्यावर लिनक्स. गेल्या हिवाळ्यापासून असं व्हायला लागलं, की बोलता बोलता आईचं चित्र थिजायचं. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, आवाज मात्र चालू. मी इंजिनियर, त्यामुळे निदान तयारच! "आई, तुझं नेट गंडलंय. राउटर बंद करून चालू कर." राउटर आमच्याकडे कपाटावर. आई स्टूल आणायची, चढायची, बटण दाबायची, उतरायची. वय वर्षं चौऱ्याहत्तर. हे आठ-दहा रविवार चाललं.

एका रविवारी ती स्टुलावर असताना माझं लक्ष सहज पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. नऊ बेचाळीस. भिंतीवरचं घड्याळ म्हणत होतं नऊ सत्तेचाळीस. सांगलीचं नेट माझ्या लॅपटॉपचं घड्याळ कसं बंद पाडेल?

लिनक्स आणि पडदा यांचं भांडण मला नवीन नव्हतं. सांगलीत कॉलेजात असताना 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. ती घालून मशीन सुरू करायचं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघत बसायचं. चित्रं दिसायला हवी असतील, तर मॉनिटरची फ्रिक्वेन्सी एका फाइलमध्ये स्वतः लिहायची. चुकीचा आकडा घातलात तर मॉनिटर खराब होऊ शकेल, अशी तंबी माहितीपत्रकातच असे. मित्राच्या वडिलांचा मॉनिटर, कर्जावर घेतलेला. आम्ही श्वास रोखून एंटर दाबायचो.

हे असं का होतं, ते कळायला १९८४ सालात जावं लागतं. मी राहतो तिथून फार लांब नाही ती जागा, केंब्रिजमधली एमआयटी. तिथे बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक यंत्रणा बांधली. स्टॅनफर्डहून आलेल्या 'डब्ल्यू' नावाच्या यंत्रणेवरून ती बेतली होती, म्हणून पुढचं अक्षर घेतलं, 'एक्स'. नाव ठेवण्यात एवढा कमी वेळ घालवलेली आणि एवढी टिकलेली दुसरी गोष्ट माझ्या माहितीत नाही. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली, आणि तो अकराचा आकडा आजही तसाच आहे. १९९२ मध्ये काही उत्साही मंडळींनी ती साध्या घरगुती पीसीवर चालवायला 'एक्सफ्री८६' नावाचा प्रकल्प काढला. आमच्या सीडीवर होतं ते हेच.

आता मुख्य गोम. उडप्याचं हॉटेल डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर मालक, आत भटारखाना, मध्ये वेटर. रीतीप्रमाणे वेटरने ऑर्डर सांगायची आणि भटारखान्याचा कारभार मालकाच्या हुकमाने चालायचा. लिनक्समध्ये मालक म्हणजे कर्नेल. पण पडद्याच्या बाबतीत कितीतरी वर्षं उलटंच होतं. एक्स हा वेटर थेट भटारखान्यात घुसून शेगड्या स्वतः लावायचा. ग्राफिक्स कार्डाशी तो परस्पर बोलायचा आणि मालकाला त्यातलं फारसं ठाऊक नसायचं. वेटर मध्येच चक्कर येऊन पडला, की कुठली शेगडी किती मोठी आहे ते सांगायला कोणी नाही. मशीन आत जिवंत, पडदा मात्र मेलेला. लॅपटॉप झाकून परत उघडला की काळोख, हे दुखणंही बरंचसं यातलंच.

दुरुस्ती व्हायला वेळ लागला, कारण मध्ये भाऊबंदकी झाली. २००३ मध्ये कीथ पॅकार्ड या जुन्या जाणत्या माणसाला एक्सफ्री८६ च्या मुख्य मंडळातून काढलं. २००४ च्या सुरुवातीला प्रकल्पाने आपला परवाना बदलला. बदल दिसायला किरकोळ होता, पण लिनक्स वाटणाऱ्या बहुतेकांनी काही महिन्यांत पाठ फिरवली आणि सगळे 'एक्स डॉट ऑर्ग'कडे गेले. एवढा मोठा वाडा इतक्या पटकन ओस पडलेला मी पाहिलेला नाही.

नव्या घरात कामं भराभर झाली. मार्च २००९ मध्ये कर्नेलची २.६.२९ ही आवृत्ती आली आणि पडद्याची मापं ठरवायचं काम मालकाकडे गेलं. सुरुवात इंटेलच्या चिपांपासून झाली. हे फार योग्य झालं, पण त्या सुमारास मेमरी सांभाळण्याची पद्धतही बदलत होती, चित्र काढायचीही. चालू हॉटेलात भटारखाना, वायरिंग आणि ड्रेनेज एकदम काढल्यावर गिऱ्हाइकाचं जे होईल ते झालं. त्या वर्षी कित्येकांचे चांगले चालणारे लॅपटॉप मंदावले आणि गोठायला लागले. गंमत म्हणजे कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेस दाबून एक्सला ठार मारायची जुनी सोयही त्याच सुमारास बंद करून ठेवली गेली. लोक चुकून दाबतात म्हणे!

मग हे दुखणं लॅपटॉपलाच जास्त का? कारण बॅटरी. टेबलावरच्या कम्प्युटरला झोपायची घाई नसते. लॅपटॉपमधला प्रत्येक तुकडा संधी मिळाली की डुलकी काढतो आणि हाक मारली की उठतो. म्हणजे, उठायला हवं. २०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या सँडी ब्रिज चिपांमध्ये ग्राफिक्सला गाढ झोपवायची एक सोय होती. ती लिनक्समध्ये सर्वांसाठी कायमची चालू व्हायला २०१२ चं ३.४ कर्नेल यावं लागलं, कारण काही मशिनं झोपली की उठत नसत. पुढे बे ट्रेल या स्वस्त चिपांनी तोच खेळ केला आणि प्रोसेसरला गाढ झोपू न देणं हाच लोकांचा उपाय ठरला. बॅटरी गेली तरी चालेल, पण जागा राहा बाबा.

दुसरं कारण म्हणजे सवतीचा संसार. २०१० च्या सुमारास एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा यायला लागल्या, एक काटकसरी आणि एक दांडगी. एनव्हिडियाने याला 'ऑप्टिमस' नाव दिलं, पण लिनक्ससाठी काही केलं नाही. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका मुलीने लिनस टोरवाल्ड्सना नेमकं याबद्दल विचारलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून कंपनीला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोट कोणतं होतं तेही नाही. शिवी चुकीची, राग बरोबर, असं माझं तरी मत. चिप आतून कशी चालते हे बनवणाऱ्याने सांगितलं नाही, तर बाकीच्यांनी अंधारात चाचपडतच ड्रायव्हर लिहायचा. 'नूव्हो'वाल्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. एएमडीने २००७ मध्येच आपली कागदपत्रं खुली करायचं ठरवलं होतं. एनव्हिडियाने कर्नेलमधला आपला भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये.

असो. माझ्या लॅपटॉपवर येतो. (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

पहिली परीक्षा आवाजाची. गोठल्यावर आवाज चालू असेल तर प्रोसेसर जिवंत. दुसरी परीक्षा, दुसऱ्या कम्प्युटरवरून नेटवर्कमधून आत शिरता येतं का? शिरलो. आतली नोंदवही चाळली. ग्राफिक्स चिप खरंच अडकली, तर कर्नेलला ते कळतं. तिच्या कामांची यादी पुढे सरकते आहे का, हे ड्रायव्हर अधूनमधून तपासतो, आणि सरकत नसेल तर तशी नोंद करून चिपला हलवून उठवायचा प्रयत्न करतो. माझ्याकडे अशी एकही नोंद नव्हती. मग आठवडाभर लॅपटॉपला टीव्ही जोडून ठेवला. गुरुवारी परत गोठला. लॅपटॉपचा पडदा ठप्प, आणि टीव्हीवर सगळं मजेत चालू!

म्हणजे भटारखाना ठीक, मालक ठीक, वेटरही ठीक. फक्त एका टेबलावर ताट पोचत नव्हतं. याला कारणीभूत वीजबचतीचं एक कलम २०११ साली लॅपटॉपच्या पडद्यांच्या मानकात आलं. चित्र हलत नसेल तर पडद्याने ते स्वतःच्या छोट्या मेमरीत ठेवायचं, तेच दाखवत राहायचं आणि चिपने मधली तार झोपवायची. चित्र बदललं की तारेने उठायचं. काही चिपांच्या ड्रायव्हरमध्ये ते चालू करायचं, तक्रारी आल्या की परत बंद करायचं, असं काही वर्षं चाललं होतं. सुरुवातीच्या आज्ञेत एक शब्द वाढवून मी ते बंद केलं. तेव्हापासून एकदाही गोठला नाही. बॅटरी थोडी लवकर संपते.

आणि रविवारीच का? कारण सांगलीचं नेट क्षणभर खरंच अडखळायचं. नेट वाचवायला मी माझा कॅमेरा बंद ठेवायचो, त्यामुळे तेवढ्या क्षणात माझ्या पडद्यावर काहीच हलत नसे. पडदा डुलकी घ्यायचा तो तिथेच. नेट दोन सेकंदांत परत यायचं, पडदा यायचा नाही.

आता नव्या मशिनांवर एक्सच्या जागी 'वेलँड' आलं आहे. २००८ मध्ये क्रिस्टियान ह्यॉग्सबर्ग यांना त्याची मूळ कल्पना सुचली तेव्हा ते मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावातून गाडीने चालले होते, म्हणून ते नाव. रूट २० वरून जाताना त्या गावाची पाटी मला लागते. लहानसं शांत गाव आहे. माझा हा दोष मात्र वेलँडनेही गेला नसता, तो त्याच्याही खालच्या मजल्यावरचा होता.

पुढच्या रविवारी आईला सगळं सांगितलं. एक्स, वेलँड, डुलकी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा राउटर बरा होता?"

"हो."

"आणि मी उगाच चढत होते?"

"हो, आई."

"बरं. मग ते स्टूल आता देवघरात नेते. तिथला बल्ब गेलाय."

"आई, चढू नकोस. शेजारच्या कुणाला तरी सांग."

"आता सांगतोयस होय?" असं म्हणून ती हसायला लागली. या वेळी चित्रसुद्धा हसत होतं.