भीमाकाठचे पक्षी आणि सिमल्याचे टपाल

करकंब, पंढरपूर, सोलापूर हा भीमेच्या खोऱ्यातला माळरानांचा मुलूख. माळढोक, चंडोल, धाविक, पखुर्डी हे इथले पक्षी. त्यांची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी केली. ती सरकारी कामापेक्षा दोस्तीतून आणि पत्रांतून झाली.

सुरुवात कर्नल विल्यम हेन्री साइक्सची. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. साराबंदी, लोकसंख्या यांच्याबरोबरच त्याने पक्षी आणि मासेही टिपले. १८३१ मध्ये तो विलायतेला परतला आणि पुढच्याच वर्षी दख्खनच्या पक्ष्यांची यादी त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे ठेवली. भीमेत पेडगावजवळ मिळालेल्या दोन माशांना त्याने मंडळातल्या व्हिगर्स आणि ओगिल्बी या दोन अभ्यासकांची नावे दिली. ते मासे जाळ्यात धरणारे भोई मात्र शास्त्राच्या दप्तरात निनावीच राहिले.

खरा पत्रव्यवहार वाढला तो १८७० नंतर, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूममुळे. काँग्रेसचा संस्थापक म्हणून त्याचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पक्षिशास्त्रातला त्याचा दबदबा फारसा कोणी सांगत नाही. सिमल्याहून तो ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवी. कलेक्टर कचेऱ्यांपासून छावण्या आणि मिशनपर्यंत देशभरातले हौशी निरीक्षक त्याला लिहीत. अहमदनगरकडून अमेरिकन मराठी मिशनचा रेव्हरंड फेअरबँक लिही, रत्नागिरीहून व्हिडाल. सोलापूर-सातारा भागातून मुलकी सेवेतला जेम्स डेव्हिडसन लिही. डेव्हिडसन आणि त्याचा सहलेखक वेंडन या जोडीचा दख्खनच्या पक्ष्यांवरचा लेख १८७८ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’च्या सातव्या खंडात आला. त्याच सुमारास सोलापूर जिल्हा दुष्काळाने होरपळत होता, हे विसरून तो लेख वाचता येत नाही.

पत्राबरोबर बहुधा पक्ष्याचे कातडेही जाई. पोटाला चीर देऊन आतले मांस काढायचे, कातड्याला आतून सोमलाचा साबण चोळायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी हे लिहायचे. डोळ्यांचा रंगही तिथल्या तिथे टिपावा लागे, कारण मेल्यावर तो टिकत नाही. नवख्यांसाठी ह्यूमने १८७४ मध्ये या कामाची एक छोटी मार्गदर्शिकाच छापली होती. चिठ्ठी नसलेला पक्षी म्हणजे नुसती पिसे.

ह्यूमला हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. १८८३ मध्ये तो प्रवासाहून परतला, तेव्हा हस्तलिखिताचा बराच भाग नोकराने रद्दीच्या भावाने विकून टाकला होता. अतिवृष्टीत दरड कोसळून संग्रहाचेही नुकसान झाले. ह्यूमचे मन उडाले आणि संग्रह ब्रिटिश म्युझियमला द्यायचे त्याने ठरवले. तो न्यायला १८८५ मध्ये लंडनहून रिचर्ड बाउडलर शार्प सिमल्याला आला. देवदाराच्या ४७ पेट्या भरल्या. एकेक पेटी अर्ध्या टनाच्या आसपास. बैलगाड्यांतून त्या काल्क्याला उतरल्या आणि पुढे मुंबई बंदरातून बोटीने विलायतेला गेल्या. सुमारे ८२,००० नमुन्यांचा तो ठेवा होता. त्याच वर्षी डिसेंबरात ह्यूम मुंबईत काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला हजर होता.

पत्रे मात्र सगळीच वाया गेली नाहीत. उरलेली टिपणे ह्यूमने पक्षी-अभ्यासक यूजीन ओट्सकडे सोपवली. १८८९-९० मध्ये त्यांतून ह्यूमच्याच घरटी व अंडी यांवरच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली आणि तीत डेव्हिडसन-वेंडन यांची दख्खनची निरीक्षणे जागोजाग आहेत. इकडे मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी होते. दख्खनचे नमुने देशातच ठेवायची सोय तिच्यामुळे झाली. ह्यूमच्या संग्रहातली पक्ष्यांची कातडी मात्र आजही इंग्लंडमधल्या ट्रिंग इथे आहेत.