ऑपेराची थट्टा आणि तिचे वाचक

टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) या इंग्रज विनोदी लेखकाची 'मॅस्करेड' ही कादंबरी १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. 'डिस्कवर्ल्ड' नांवाच्या काल्पनिक जगाविषयीं त्यानें एकंदर एकेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील ही अठरावी. हें जग तबकडीसारखें सपाट. तें चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका प्रचंड कांसवाच्या पाठीवर उभे आहेत. आपल्या पुराणांतील दिग्गजांचें व कूर्माचें स्मरण येथें कोणासही व्हावें. अशा या जगांत एक ऑपेरागृह बांधून लेखकानें त्या नाट्यप्रकाराची यथेच्छ थट्टा केली आहे. परंतु या पुस्तकाविषयीं वाचकांचें एकमत कधींच झालें नाहीं. कोणी तें त्याच्या उत्कृष्ट पुस्तकांत गणतात. कोणी म्हणतात, कथानक उसनें आहे. कोणी म्हणतात, ज्याला ऑपेरा ठाऊक नाहीं त्याला निम्मा विनोद फुकट. आणि कित्येकांस त्यांतील एका लठ्ठ मुलीची परवड वाचून हंसूं येण्याऐवजीं राग येतो. हे सारे मतभेद केवळ आवडीनिवडीचे आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. ऑपेराच्या थट्टेस तीन शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या उजेडांत या आक्षेपांची पारख बरीच सोपी होते.

ऑपेरा म्हणजे आपलें संगीत नाटक नव्हे. आपल्याकडे गद्य संभाषण चालूं असतां मध्यें पद येतें. ऑपेरांत बहुधा आरंभापासून अंतापर्यंत सर्व कांहीं गाऊनच बोलावयाचें असतें. खंजीर लागलेला मनुष्य देखील गाणें पुरें केल्याशिवाय मरत नाहीं. तेव्हां हंसणाऱ्यास येथें जागा उघडच आहे. १७११ च्या मार्च महिन्यांत जोसेफ ॲडिसन यानें 'स्पेक्टेटर' पत्रांत हँडेलच्या 'रिनाल्डो' या ऑपेरावर लेख लिहून रंगभूमीवर सोडलेल्या खऱ्याखुऱ्या चिमण्यांची खूप टर उडविली. पण त्याचा स्वतःचा 'रोझामंड' हा इंग्रजी ऑपेरा चारच वर्षांपूर्वीं, १७०७ सालीं, साफ पडला होता, हेंही वाचकानें लक्षांत ठेवावें. पुढें १७२० मध्यें व्हेनिस येथें बेनेदेत्तो मार्चेल्लो यानें निनांवी पुस्तिका काढून कवि, संगीतकार, गायिका, इतकेंच नव्हे तर गायिकांच्या आयांनाही उलटा उपदेश केला: कवीनें प्राचीन ग्रंथ मुळींच वाचूं नयेत, इत्यादि. मार्चेल्लो स्वतः संगीतकार होता. घरांतलाच मनुष्य घरांतल्यांचे कान उपटीत होता. ॲडिसनच्या थट्टेंत अपयशाचा कडवटपणा शोधतां येतो. मार्चेल्लोच्या थट्टेंत आपली कला बिघडत असल्याची तळमळ आहे. हा भेद पुढें वारंवार दिसतो.

२९ जानेवारी १७२८ रोजीं लंडनमध्यें जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' रंगभूमीवर आला व पहिल्याच हंगामांत त्याचे ६२ प्रयोग झाले. नायक वाटमारी करणारा, आणि चाली बहुतेक रस्त्यावरच्या लोकगीतांच्या. त्यांत दोन स्त्रियांचें भांडण आहे. कुझ्झोनी व फाउस्तिना या दोन प्रसिद्ध गायिकांच्या पक्षपात्यांनीं आदल्याच वर्षीं थिएटरांत जो धुमाकूळ घातला होता, तो प्रेक्षकांच्या स्मरणांत ताजा होता. त्याच १७२८ सालीं, हँडेल ज्या संस्थेसाठीं ऑपेरा रचीत असे ती रॉयल ॲकॅडमी बंद पडली. गेच्या हंशानें ती मेली असें म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु पैशाच्या ओढाताणीनें व आपसांतील कलहांनीं ती आधींच पोखरली होती. थट्टेनें ऑपेरा मरत नाहीं, हेंच इतिहास सांगतो. मोझार्टनें १७८६ मध्यें आणि दोनित्सेत्ती यानें १८२७ मध्यें मानासाठीं भांडणाऱ्या गायिकांवर स्वतःच विनोदी संगीतिका रचल्या, आणि ऑपेरागृहांनीं त्या हंसत हंसत आपल्याशा केल्या.

आतां 'मॅस्करेड'कडे वळूं. तिचें कथानक गास्तों लरू याच्या १९०९–१० मध्यें क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ऑपेरांतील भुता'च्या फ्रेंच कादंबरीवरून घेतलें आहे. त्या कादंबरीच्या मुळाशीं १८७५ मध्यें उघडलेलें पॅरिसचें ऑपेरागृह असून, १८९६ मध्यें तेथें झुंबराचें वजन पडून एक स्त्री ठार झाली होती. १९८६ पासून अँड्र्यू लॉइड वेबरच्या संगीतिकेनें हें भूत जगाच्या ओळखीचें केलें. तेव्हां उसनेपणाचा आक्षेप आम्हांस टिकाऊ वाटत नाहीं. गेनें चाली उसन्या घेतल्या, प्रॅचेटनें भूत उसनें घेतलें. विडंबन ओळखीच्या वस्तूवरच उभें राहतें.

अज्ञ वाचकाच्या अडचणीचें निवारण लेखकानें पुस्तकांतच केलें आहे. ऑपेरागृहाचा नवा मालक बकेट हा चीजचा व्यापारी. माल घालावा, नफा काढावा, एवढेंच त्याला कळतें. त्याला समजावून द्यावें लागतें कीं, येथें पैसा घालावयाचा व त्यांतून ऑपेरा निघतो, पैसा निघत नाहीं. रॉयल ॲकॅडमीचे भागीदार हाच धडा शिकले होते. ज्याला ऑपेरा ठाऊक नाहीं त्यानें बकेटचें बोट धरून आंत शिरावें. त्याचें फारसें अडत नाहीं.

खरा प्रश्न ॲग्नेसचा. डोंगराळ मुलखांतील ही लठ्ठ मुलगी गायिका होण्यासाठीं अँक-मॉरपॉर्क शहरीं येते. तिचा आवाज अद्भुत. परंतु नायिकेचें काम मिळतें क्रिस्टीनला, कारण ती सडपातळ व सुंदर आहे. क्रिस्टीनला गातां येत नाहीं, म्हणून ॲग्नेसनें मागें वृंदांत उभें राहून तिच्यासाठीं गावयाचें. आपल्या बोलपटांत पार्श्वगायन असतें, पण तें उघड असतें. येथें तें चोरून चालतें. शेवटीं रहस्य उलगडतें, परंतु ॲग्नेसच्या पदरीं रंगमंच पडत नाहीं. ती गांवीं परतून दोन वृद्ध चेटकिणींची शिष्या होते. हा अन्याय आहे, असें वाचक म्हणतात.

अन्याय खराच. पण तो लेखकानें रचलेला नव्हे. या पुस्तकानंतर नऊ वर्षांनीं, २००४ सालीं, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसनें डेबोरा व्हॉइट या नामांकित गायिकेचें काम काढून घेतल्याचें प्रसिद्ध झालें. कारण असें कीं, दिग्दर्शकानें योजिलेला काळा पोशाख त्यांच्या अंगास शोभणारा नव्हता! पुढें २००८ मध्यें त्या तेथेंच ती भूमिका गायल्या. ज्या वाचकांनीं कादंबरीचा शेवट निष्ठुर म्हणून नाकारला, त्यांनीं ही हकीकत शेजारीं ठेवून तो पुनः वाचावा.

मात्र एक गोष्ट आम्ही लेखकाच्या पदरीं घालतों. ॲग्नेसच्या आकारावरील कित्येक विनोद ऑपेरागृहाचे नसून निवेदकाचेच आहेत. जगाचा निर्दयपणा दाखविणाऱ्यानें त्या हंशांत स्वतः सामील होऊं नये. तेवढ्यापुरता रागावलेल्या वाचकांचा पक्ष खरा आहे.

परंतु एकंदर पुस्तकाचा कौल कोणीकडे आहे? त्यांतील खुनी हा ऑपेराचा मनापासून द्वेष करणारा संगीतदिग्दर्शक आहे. तो मरतांनाही ऑपेराची निंदा करतो, आणि तीही थेट ऑपेरांतल्या पात्रासारखी लांबवून! त्याची जागा शेवटीं मिळते ती झाडलोट करणाऱ्या, सर्वांनीं वेडगळ ठरविलेल्या वॉल्टरला, कारण तें संगीत त्याच्या प्राणांत भिनलेलें आहे. म्हणजे प्रॅचेट ॲडिसनच्या पंगतीस बसत नाहीं. त्याचें पान मार्चेल्लोच्या शेजारीं आहे. मात्र वॉल्टरला जें मिळालें तें ॲग्नेसला मिळालें नाहीं. ज्यांना हें खटकतें, ते वाचक आमच्या मतें पुस्तक चुकीचें वाचीत नाहींत. हंसणें संपल्यावर जें खटकत राहतें, त्याचसाठीं तें लिहिलें गेलें असावें.