ध्वनिफितीवरील संहिता : ‘सार्जंट पेपर’च्या मुद्रणाचा इतिहास

ध्वनिमुद्रिका ही प्रत्यक्ष गायनवादनाची केवळ नक्कल होय, ही समजूत तबकडीच्या जन्मापासून रूढ झालेली आहे. गायक गातो, यंत्र ते टिपून घेते, आणि दूरचा श्रोता ते ऐकतो. त्यात यंत्राचे काम लेखनिकाचे, कर्त्याचे नव्हे. लंडनच्या ॲबी रोडवरील ई.एम.आय. कंपनीच्या स्टुडिओत बीटल्स या इंग्रज रॉक मंडळाने १९६६-६७ च्या हिवाळ्यात जे काम केले, त्याने ही समजूत टिकणे कठीण करून टाकले.

याच मंडळाने आपली पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका जुन्या समजुतीप्रमाणेच तयार केली होती. तिच्यातील चौदा गीतांपैकी दहा गीते ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात मुद्रित झाली. जॉन लेनन याचा घसा सर्दीने इतका बसला होता, की त्याला सर्वांत अधिक ताण देणारे गीत मुद्दाम अखेरीस ठेवावे लागले, आणि ते पहिल्याच प्रयत्नात पदरात पडले. पुढे २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर मंडळाने दौरे बंद केले. जे गावयाचे ते रंगमंचावर पुन्हा गाऊन दाखविण्याचे बंधन यामुळे सुटले. नव्या कामाचा आरंभ २४ नोव्हेंबर १९६६ रोजी झाला, आणि ते २१ एप्रिल १९६७ पर्यंत चालले. एका दिवसाच्या जागी आता जवळजवळ पाच महिने लागले.

यंत्रसामग्री मात्र आजच्या दृष्टीने तुटपुंजीच होती. एक इंच रुंदीच्या फितीवर चार समांतर पट्टे, एवढाच तिचा विस्तार. चारही पट्टे भरले, की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्रावरील एकदोन पट्ट्यांवर उतरावयाचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर नवे आवाज चढवावयाचे. प्रत्येक उतरणीबरोबर फितीची खरखर वाढे. शिवाय एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नसत. त्यामुळे ढोल किती मोठा आणि गळा किती पुढे, याचे निर्णय गीत अपुरे असतानाच कायमचे करावे लागत. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि विशीतील तरुण ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांना लेखनिक म्हणणे या पद्धतीत शक्यच नव्हते. ज्या इमारतीत तंत्रज्ञांनी पांढरा डगला घालण्याचा रिवाज होता, तेथे हे घडले, ही गोष्टही मौजेची आहे.

पहिलेच गीत ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे होते. त्याचे अनेक पाठ मुद्रित झाले. त्यांपैकी सातवा शांत व मोजक्या वाद्यांचा होता. सव्विसावा भारदस्त, तंतुवाद्ये व तुताऱ्या असलेला, अधिक द्रुत आणि अधिक चढ्या पट्टीतला होता. लेननला पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. लय निराळी, पट्टी निराळी, तरी यंत्रांचा वेग कमीजास्त करून दोन्ही पाठ जुळत आणता येतात, असे मार्टिन व एमरिक यांना आढळले. २२ डिसेंबर रोजी फीत कापून साधारणतः साठाव्या सेकंदाला ती जोडण्यात आली. परिणाम असा, की जगाने ऐकलेले हे गायन लेननच्या कंठातून त्या स्वरूपात कधीच निघालेले नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासात मूळ संहिता हरवलेली असते आणि उत्तरकालीन प्रतींवरून तिचा शोध घ्यावा लागतो. येथे प्रती सर्व शाबूत आहेत; मूळ मात्र कधी अस्तित्वातच नव्हते. हे गीत फेब्रुवारी १९६७ मध्ये स्वतंत्र तबकडीवर निघाले व म्हणून दीर्घ ध्वनिमुद्रिकेतून वगळले गेले. मार्टिनने पुढे ही आपल्या व्यवसायातील मोठी चूक मानली, आणि ते रास्तच होते.

‘अ डे इन द लाइफ’ या गीताचा इतिहास याहून बोलका आहे. लेननचा एक भाग आणि पॉल मॅकार्टनीचा दुसरा, यांच्यामध्ये काय घालावयाचे हे १९ जानेवारी १९६७ रोजी कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून चोवीस मात्राखंड रिकामे सोडण्यात आले. मंडळाचा सहायक मॅल एव्हान्स ते मोठ्याने मोजत होता, आणि मोजणी संपताच गजराचे घड्याळ वाजविले गेले. पुढचा भाग सकाळी जागे होण्याविषयीचा असल्याने तो गजर योगायोगाने अर्थपूर्ण ठरला व तसाच राहिला. रिकामी जागा १० फेब्रुवारीस चाळीस वादकांनी भरली. आपापल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून वर चढत जावयाचे, आणि शेजाऱ्याशी मेळ साधावयाचा नाही, अशी सूचना त्यांना देण्यात आली. जन्मभर मेळ साधण्याचे शिक्षण घेतलेल्या वादकांना ती किती अवघड गेली असेल, याची कल्पना कोणाही संगीतज्ञाला येईल. अखेरचा सुरमेळ २२ फेब्रुवारीस अनेक पियानोंवर एकाच वेळी वाजविला गेला. तो विरत असता एमरिक ध्वनिग्रहणाची पातळी वाढवीत गेला. त्यामुळे चाळीस सेकंदांहून अधिक काळ तो ऐकू येतो, आणि शेवटी एका खुर्चीची करकरही.

तबकडीच्या आतल्या, न संपणाऱ्या खाचेत २१ एप्रिल रोजी काही निरर्थक बडबड तुकडे करून भरण्यात आली. श्रोत्यांनी तिच्यातून निरनिराळी वाक्ये शोधून काढली. अर्थहीन ध्वनी सतत कानांवर पडला तर मानवी मन त्याला अर्थ चिकटविल्याखेरीज राहत नाही, याचे याहून व्यापक उदाहरण प्रयोगशाळेत क्वचितच मिळेल. एककर्णी मिश्रणाच्या वेळी मंडळ जातीने हजर असे, द्विकर्णी मिश्रण पुढे इतरांवर सोडले जाई. म्हणून ‘शीज लीव्हिंग होम’ हे गीत एका तबकडीवर द्रुत व चढे, तर दुसरीवर संथ व उतरते आहे.

या मुद्रिकेतील हिंदुस्थानी वाद्यांचे प्रकरण निराळे आहे. जॉर्ज हॅरिसनचे ‘विदिन यू विदाउट यू’ हे गीत १५ मार्च १९६७ रोजी सुरू झाले. मंडळातील अन्य कोणी त्यात वाजविलेले नाही. अयन अंगडी व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी लंडनमध्ये स्थापिलेल्या ‘एशियन म्यूझिक सर्कल’ या संस्थेमार्फत वादक आले. दिलरुब्याची मींड पाश्चात्त्य स्वरलेखनात नीट बसत नाही. तरी ३ एप्रिलला आठ व्हायोलिने व तीन चेलो यांच्या वादकांकडून मार्टिनने तीच मींड काढवून घेतली. दिलरुबावादकांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत. वेष्टनावर मेणाच्या पुतळ्यांनाही जागा मिळाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुढील वर्षी जानेवारीत हॅरिसन मुंबईस आला. तेथील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत रस्त्यावरील वाहनांचा आवाज शिरे, आणि कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोनपट्टी यंत्र मागविले होते. एवढ्या साधनांत थरावर थर चढविणे शक्य नव्हते. वादकांनी एकत्र बसून वाजवावयाचे, हीच पद्धत. म्हणजे लंडनमध्ये मागे पडलेली १९६३ ची रीत येथे पुन्हा उपयोगात आली. ‘द इनर लाइट’ची वाद्यसंगत याच मुक्कामात झाली. तिच्यावरील शब्द ‘ताओ ते चिंग’ या चिनी ग्रंथावर आधारलेले असून, त्यांची सूचना केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी केली होती. फेब्रुवारीत लंडनला हॅरिसनने त्यावर आपला कंठ चढविला. म्हणजे मुंबईचे वादन आणि लंडनचे गायन यांची गाठ केवळ फितीवर पडली.

मुंबईतील उरलेले मुद्रण ‘वंडरवॉल म्यूझिक’ या १९६८ च्या ध्वनिमुद्रिकेत गेले, आणि तिच्या वेष्टनावर आशिष खान, शिवकुमार शर्मा, बासरीवादक एस. आर. केंकरे इत्यादींची नावे छापली गेली. १९६७ च्या वादकांची नावे निश्चित होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधनातून ती पुढे आली. अण्णा जोशी व अमृत गज्जर हे दिलरुब्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर, आणि नटवर सोनी तबल्यावर होते.