तळटीप १२ : सावरीचा कापूस

१२. मौजे खोडाळा, तालुका मोखाडा (पूर्वी ठाणे जिल्हा, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर) येथील बाजाराच्या वर्णनात मूळ मजकुरात केवळ 'कापूस' म्हणून उल्लेखिलेला जिन्नस कपाशीचा नसून काटेसावरीच्या बोंडांतील आहे. फाल्गुनाच्या सुमारास तांबड्या फुलांनी लगडणाऱ्या या वृक्षाची बोंडे पुढे उन्हाळ्यात तडकतात. त्यांतील तंतू बोंडाच्या आतील भिंतीपासून उगवलेले, पोकळ, गुळगुळीत व मेणचट असून त्यांस नैसर्गिक पीळ नसल्यामुळे ते चातीवर एकमेकांस धरीत नाहीत, आणि म्हणून त्यांचा विनियोग मुख्यतः गाद्या-उशा भरण्याकडे होतो. सूत निघत नसल्याची लेखकाची तक्रार या दृष्टीने यथार्थच आहे. याउलट कपाशीचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरील एकच पेशी असते. फूल उमलते त्याच सुमारास, एमवायबी कुलातील जनुकांच्या नियंत्रणाखाली, ती फुगून वर येते, सुमारे ३ आठवडे लांबत राहते, आतून सेल्युलोजचे थर चढवून घेते, आणि बोंड फुटल्यावर सुकून फितीसारखी चपटी होताना स्वतःभोवती पीळ घेते. कताई शक्य होते ती या पिळामुळे. देशी कपाशीत २६ व अमेरिकन कपाशीत ५२ गुणसूत्रे असतात. दुसरीच्या दोन पूर्वजकुलांपैकी एकास कातण्याजोगा तंतू मुळीच नव्हता, तथापि त्यांच्या प्राचीन संकरातूनच लांब धाग्याची संतती निपजली. (संपा.)